‘टेंटरहुक्स’चा आपल्या स्टेंटरशी काही संबंध आहे का?

जोडभावीची

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. परवा एका उताऱ्यात ‘ऑन टेंटरहुक्स’ असा प्रयोग आला. निकालाची वाट बघणाऱ्या एका मुलीचं वर्णन होतं. अर्थ सांगायला अडचण नव्हती, आपल्याकडे ‘जीव टांगणीला लागणे’ तयारच आहे. पण एका मुलाने विचारलं, "मॅडम, हुक म्हणजे आकडा, ते कळलं. टेंटर म्हणजे काय?" मी म्हटलं, बघून सांगते. वह्या तपासल्या तर निम्म्या मुलांनी ‘टेंडरहुक्स’ लिहिलेलं.

घरी येऊन कोश उघडला. टेंटर म्हणजे विणलेलं कापड ताणून वाळवायची चौकट, आणि टेंटरहुक म्हणजे त्या चौकटीवरचा आकडा. मी हे मोठ्याने वाचत होते, तेवढ्यात अण्णा आतून म्हणाले, "टेंटर नव्हे, स्टेंटर. कापड ताणायचं मशीन ना? स्टेंटर म्हणतात त्याला."

अण्णा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये त्यांची सगळी नोकरी स्टेंटरवर गेली. शाळा सातवीत सुटली, पण जिगर, मँगल, ब्लोअर, ओव्हरफीड, चेंबर हे शब्द त्यांच्या तोंडी असे बसलेत की ते इंग्रजी आहेत हे आम्हाला लहानपणी माहीतच नव्हतं. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना ते त्या मशीनच्या तोंडाशी उभे असायचे. घरी आले की आधी माठातलं पाणी प्यायचे, मग बोलायचे. त्यांच्या रोजच्या कामातला एक शब्द असा अचानक माझ्या पाठ्यपुस्तकात आला, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण नुसत्या अप्रूपावर वर्गात काही सांगायला नको, म्हणून इथे विचारते.

टेंटर आणि स्टेंटर हे खरंच एक आहेत का? कापड वाळवायच्या आकड्यावरून जिवाची घालमेल कशी काय निघाली? आणि तिसरं, जे विचारायला जरा धाकधूक वाटते: आपला ‘ताण’, मागावरच्या उभ्या सुताचा ‘ताणा’ आणि हा टेंटर यांचं काही नातं आहे का? मोबाइलवर ‘सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातूनच निघाले’ छापाचे संदेश फिरत असतात, त्यातलं काही मुलांपुढे ठेवायची माझी इच्छा नाही. माहीतगार माणसांनी सांगावं.

प्रोसेसवाला

ताई, भाषेचं इतर लोक सांगतील, मी मशीनचं सांगतो. इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकलो, आता सोलापुरातच डाइंग-फिनिशिंगला आहे.

कापड रंगवून, धुऊन, पिळून येतं तेव्हा ते आटलेलं आणि वाकडंतिकडं झालेलं असतं. पन्हा कुठे कमी, कुठे जास्त. आडवे धागे सरळ राहिलेले नसतात, मधे पोट आल्यासारखे वाकतात किंवा एका बाजूला तिरके पळतात. ते तसंच वाळू दिलं तर तसंच बसतं. म्हणून ओल्या कापडाचे दोन्ही काठ दोन साखळ्यांवर धरायचे. साखळीवर एक तर बारीक पिना असतात, नाहीतर चिमट्यासारख्या क्लिपा. दोन्ही साखळ्या आपापल्या रुळावरून पुढे सरकतात आणि सरकता सरकता दोन रुळांमधलं अंतर वाढत जातं. कापड ताणलं जातं. हव्या त्या पन्ह्याला आलं की चेंबरमध्ये शिरतं. तिथे वरून आणि खालून गरम हवेचा मारा असतो, कापड कशालाही न टेकता मधल्या मधे तरंगत पुढे जातं. सुती असेल तर वाळवणं हेच मुख्य काम. पॉलिस्टर असेल तर १८० ते २०० अंशांच्या आसपास नेऊन त्याचा आकार कायमचा बसवतात, त्याला हीट सेटिंग म्हणतात.

आता एक गोष्ट घरच्या घरी बघा. न शिवलेला शर्टपीस किंवा पडद्याचं कापड घ्या आणि काठ उजेडाकडे धरा. काठापासून जरा आत बारीक छिद्रांची एक सरळ ओळ दिसेल, दोन्ही काठांना. कधी कधी छिद्राभोवतीचे धागे एका बाजूला ओढलेले असतात, बोटाने चाचपलं तर खरखरीत लागतात. या स्टेंटरच्या पिनांच्या खुणा. शिंपी कापताना तो काठ टाकून देतो, म्हणून तयार कपड्यात आपल्याला त्या दिसत नाहीत. आपल्या सोलापुरी चादरीवर मात्र ही ओळ शोधू नका. चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे तिला सहसा या वाटेने जावं लागत नाही.

अजून एक. स्टेंटरवर कापड जादा ताणून पन्हा वाढवून दाखवता येतो. लबाडी करणारे करतात. कापड दिसायला भरपूर दिसतं आणि पहिल्याच धुण्यात आटून मूळ मापावर येतं. म्हणून चांगला ऑपरेटर लागतो. तुमच्या अण्णांना विचारा, त्यांच्या मशीनवर पिना होत्या की क्लिपा.

मुरारजीपेठकर

ताई, तुमचा प्रश्न वाचून संध्याकाळचं फिरणं रद्द केलं आणि लिहायला बसलो. मी भाषा शिकवूनच निवृत्त झालो. प्रोसेसवाल्यांनी पिनांची ओळ दाखवली ते फार बरं झालं, कारण टेंटरहुकचा माग तिथूनच काढता येतो.

आधी इंग्लंडकडे जाऊ. तिथला मध्ययुगातला मोठा धंदा लोकरीच्या कापडाचा. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा तेलकट आणि विरळ असतं. ते पाण्यात एका खास मातीबरोबर तुडवायचं किंवा कुटायचं. ही माती म्हणजे आपल्याकडे तोंडाला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची, इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात. तुडवणाऱ्याला फुलर म्हणत, वॉकर म्हणत, टकरही म्हणत. ही तिन्ही आज इंग्रजांची आडनावं आहेत. वॉकर आडनावाचा माणूस म्हणजे कुणी फिरस्ता नव्हे, त्याचा पूर्वज पायांनी कापड तुडवणारा. तुडवल्याने लोकर घट्ट होते, मेण निघून जातं, पण कापड चांगलंच आटतं. ते ओलं कापड मग उघड्या रानात लाकडी चौकटींवर चढवत. लांबच लांब कुंपणासारखी चौकट, वर एक आडवं लाकूड, खाली एक, आणि दोन्हींवर ओळीने वाकवलेले खिळे. कापडाचा एक काठ वरच्या खिळ्यांत अडकवायचा, दुसरा खालच्या, आणि खालचं लाकूड ओढून कापड ताणायचं. ही चौकट म्हणजे टेंटर आणि ते वाकवलेले खिळे म्हणजे टेंटरहुक्स. प्रोसेसवाल्यांची पिन-साखळी हेच करते, फक्त तिचे आकडे चालते आहेत आणि सूर्याच्या जागी ब्लोअर आहे.

या चौकटी गावोगाव होत्या. अठराव्या शतकात लेखक डॅनियल डिफो यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या बाजूने गेला, तेव्हा त्याला डोंगरउतारावर जवळजवळ प्रत्येक घरापाशी टेंटर दिसला आणि बहुतेक टेंटरवर कापड वाळत होतं. लंडनमध्ये विणकरांची वस्ती होती त्या स्पिटलफील्ड्समध्ये टेंटर ग्राउंड नावाची गल्ली आजही आहे.

आता घालमेलीचा प्रश्न. इथे लोक घाईने सांगून मोकळे होतात की कापड ताणलं जातं तसं मन ताणलं जातं, झालं. पण जरा थांबावं असं मला वाटतं. टेंटरवरचं कापड उघड्यावर असे, रात्रीसुद्धा. पावसाची भीती, वाऱ्याची भीती आणि सगळ्यात मोठी चोराची. एका कापडात एका घराची कित्येक दिवसांची कमाई अडकलेली. हॅलिफॅक्समध्ये तर साडेतेरा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरणाऱ्याचा शिरच्छेद करायचा स्थानिक कायदा होता, आणि त्यासाठी गिलोटिनसारखं यंत्र उभं केलेलं होतं. तिथला शेवटचा शिरच्छेद १६५० सालचा. अब्राहम विल्किन्सन आणि अँथनी मिचेल हे ते दोघे. त्यांच्यावरच्या आरोपांत घोडे होते आणि टेंटरवरून चोरलेलं कापडही होतं. पुढे १६७० मध्ये टेंटरवरचं कापड चोरणाऱ्यासाठी देशभराचा कडक कायदा झाला. शब्दाचा अर्थ चोरांमुळे बदलला असं मी म्हणत नाही. तो ताणावरूनच बदलला, याला लेखी पुरावा आहे: जॉन फोर्डच्या १६३३ मध्ये छापलेल्या नाटकात एक पात्र आपल्या हृदयाच्या तारा टेंटरवर चढल्या आहेत असं म्हणतं. तिथे अजून हुक नाही, नुसता टेंटर आहे. हुकांसकट हा प्रयोग १७४८ साली टोबायस स्मॉलेटच्या कादंबरीत दिसतो, आणि तिथे तो उतावळ्या अनिश्चिततेसाठीच वापरलेला आहे, म्हणजे आज आपण वापरतो त्याच अर्थाने. पण हा प्रयोग ऐकणाऱ्या त्या काळच्या माणसाच्या डोळ्यापुढे काय उभं राहत असेल, हे समजायला ते उघड्यावरचं कापड माहीत हवं.

प्रोसेसवाल्यांनी पन्हा वाढवण्याच्या लबाडीचा उल्लेख केला. ती लबाडीही तितकीच जुनी. एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९७ साली, उत्तरेकडचं कापड फसवणुकीने ताणण्याविरुद्ध संसदेने खास कायदा केला होता.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्याची तुम्हाला धाकधूक वाटते. नातं आहे. पण आई-मुलीचं नाही, बहिणी-बहिणींचं आहे. टेंटर संस्कृतातून निघालेला नाही. तो लॅटिन ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे या क्रियापदाच्या घरातला आहे. टेन्शन, टेंट, एक्स्टेंड, इंटेन्स ही सगळी त्याच घरातली मंडळी. आणि लॅटिन ‘तेन्’ व संस्कृत ‘तन्’ हे दोन्ही त्याहूनही जुन्या एका मूळ धातूपासून आले, ज्याचा अर्थ ताणणे, पसरवणे. संस्कृतात तन् पासून तंतू, तान, तंत्र, संतती, वितान, आणि बारीक या अर्थाचा ‘तनु’. आपला ताण आणि मागावरचा ताणा याच ओळीतले.

हे नुसतं आवाजाचं साम्य नाही, हे मुलांना कसं दाखवाल? असं दाखवा. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली आहे, त्या शाखेत मूळच्या ‘त’चा नियमाने ‘थ’ होतो. संस्कृत त्रि, इंग्रजी थ्री. संस्कृत त्वम्, जुनं इंग्रजी दाऊ, म्हणजे जिथे टी आणि एच जोडून लिहितात ते. तृष्णा आणि थर्स्ट. तृण आणि थॉर्न. मग ‘तनु’चं इंग्रजी भावंड कोणतं असायला हवं? थिन! अर्थ तोच, बारीक. हा इंग्रजीचा घरचा शब्द, म्हणून ‘थ’ने सुरू होतो. टेंटरमध्ये ‘ट’ तसाच राहिला, कारण तो घरचा नाही, लॅटिन परंपरेतून उसना घेतलेला आहे. असा नियम एकदा नव्हे, शब्दांमागून शब्दांत लागू पडतो, तेव्हाच नातं मानायचं. उलट उदाहरणही द्या: टेंट आणि तंबू. दोन्हींचा अर्थ एक, आवाजही जवळचा, पण तंबू आपल्याकडे फारसीतून आला, आणि या धातूशी त्याचं नातं असं नियमाने दाखवता येत नाही. संदेश फिरवणाऱ्यांची गल्लत होते ती इथे.

एक शेवटचं, जे मला फार प्रिय आहे. तंत्र शब्दाचा एक जुना अर्थ माग, मागावरचं ताणलेलं सूत. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातल्या स्कंभसूक्तात दोन तरुणी सहा खुंट्यांवरचं तंत्र विणताना दिसतात, एक धागे ओढते, दुसरी घालते. ‘षण्मयूख’ असा शब्द आहे तिथे. मयूख म्हणजे किरण असं आपण शिकलो, पण इथे तो ताणा बांधायच्या खुंटीसाठी आहे. तंत्रज्ञान शिकायला निघालेल्या आपल्या मुलांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

गड्ड्याचा_पाळणा

सर, वाचून भारावून गेलो. दोन शंका आहेत. माझ्या सासऱ्यांच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसवला. तोही नस ताणून उघडी ठेवतो. मग तो स्टेंट आणि स्टेंटर एकच ना? आणि इंग्लंडमध्ये टेंटरडेन नावाचं गाव आहे, केंटमध्ये, तिथे लोकरीचा व्यापार होता असं वाचलंय. ते गाव या चौकटींवरूनच पडलं असणार.

मुरारजीपेठकर

सासरे बरे आहेत ना? पथ्य सांभाळा म्हणावं.

दोन्ही शंका स्वाभाविक आहेत आणि दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. हृदयातल्या स्टेंटचं नाव एका माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स स्टेंट हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज दंतवैद्य. दातांचा ठसा घ्यायला लागणारं मिश्रण त्याने सुधारलं आणि ते त्याच्या नावाने विकलं जाऊ लागलं. पहिल्या महायुद्धात योहानेस एसर या डच शल्यचिकित्सकाने जखमी सैनिकांच्या चेहऱ्यावर त्वचा बसवताना ती जागेवर धरून ठेवायला हे मिश्रण वापरलं. तिथून ‘शरीरातला भाग जागेवर धरून ठेवणारी वस्तू’ असा अर्थ रूढ झाला आणि पुढे नसांमधल्या जाळीच्या नळीला तेच नाव मिळालं. काम ताणून धरायचं आहे, म्हणून शब्द ताणण्याचाच असेल असं वाटतं, पण कागदपत्रं दंतवैद्याकडे नेतात.

टेंटरडेनही तसंच. तिथे लोकरीचा धंदा भरभराटीला आला हे खरं, पण गावाचं नाव त्याच्या आधीचं. थॅनेट भागातल्या लोकांचं डुकरं चारायचं रान, असा त्याचा मूळ अर्थ आहे. ‘डेन’ म्हणजे जंगलातलं चराऊ रान. व्यापार आला आणि नावाला शोभला, एवढंच.

पडुगु_पेक

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आमचं घर पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातलं, घरी तेलुगू, दारात मराठी. सरांनी ताणा म्हटलं म्हणून लिहितो. आमच्या घरात ताणा शब्द बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलताना वापरायचा. घरात उभ्या सुताला पडुगु आणि आडव्या सुताला पेक. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या विणकरांकडे तेच हासु आणि होक्कु. एका गल्लीत तीन भाषांत एकच माग चालायचा आणि कुणाचं कुणावाचून अडायचं नाही. धोटा, फणी, वही, कांडी, खळ हे शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी एकत्र.

मला वाटतं, ताईंनी वर्गात हेही सांगावं. त्यांच्या वर्गात आमच्या भागातली पोरं नक्की असतील. त्यांना तन् धातूचं नातं सांगितलं तर ती विचारतील, मग आमचा पडुगु कुणाचा भाऊ? तेलुगू-कन्नड हे द्राविड कुळातलं, त्यांचं घर वेगळं. पडुगुला लॅटिनशी जोडायला जाऊ नये. त्याची भावंडं दक्षिणेतच शोधायची.

आमची नानम्मा, म्हणजे आजी, हातमागाच्या काळातली. ताणा पसरवायचं काम सकाळी लवकर, गल्लीतच चालायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बांधायचं, त्याला खळ द्यायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्याने विंचरून घ्यायचं. ऊन वर आलं की खळ कडक होते आणि धागे एकमेकांना चिकटतात. त्या वेळात गल्लीतून सायकल नेलेली कुणाला चालायची नाही. आम्ही पोरं वाकून ताण्याखालून जायचो, आणि डोकं लागलं तर नानम्माची हाक यायची. सुतावर हात ठेवून ती सांगायची, इथे सैल आहे, इथे घट्ट आहे. डोळ्यांना काही दिसायचं नाही, तिला तळहाताला कळायचं. सैल धागा मागावर लोंबतो आणि धोट्यात अडकतो, घट्ट धागा तुटतो. दोन्हीकडून नुकसान विणकराचंच. त्या इंग्रज माणसाला चिंतेसाठी हीच उपमा का सुचली असेल, हे मला नानम्मामुळे लगेच पटलं.

जोडभावीची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. हॅलिफॅक्सच्या शिरच्छेदाला त्यांनी मान हलवली. अथर्ववेदातल्या सहा खुंट्यांपाशी मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं.

प्रोसेसवाले दादा, अण्णांच्या मशीनवर पिना होत्या. ते म्हणाले, तोंडाशी एक ब्रशचं चाक असतं, ते काठ पिनांवर दाबतं. चाक झिजलं की काठ नीट टोचला जात नाही, मग एखाद्या ठिकाणी कापड पिनेवरून सुटतं आणि तिथून आत ओढलं जातं. सुटलेलं कापड तसंच चेंबरमध्ये गेलं तर पुढचा सगळा तुकडा खराब. म्हणून त्यांची नजर सतत काठावर. "मधलं कापड बघायचंच नाही, काठ बघायचा," असं ते म्हणाले. ओव्हरफीडचंही सांगितलं: रुंदीत ताण द्यायचा असेल तेव्हा लांबीत थोडं कापड सैल सोडायचं, म्हणजे साखळीच्या वेगापेक्षा कापड जरा जास्त वेगाने भरायचं. एकाच वेळी दोन्हीकडून ओढलं तर ते पुढे धुण्यात आटतं. १५९७ च्या कायद्यावर ते एवढंच बोलले की असा कायदा इथेही हवा होता. नोकरीत असताना पन्हा वाढवून द्या म्हणून त्यांच्यावर दबाव यायचा आणि त्यांना ते कधी आवडलं नाही, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

पडुगु_पेक, तुमची सूचना शंभर टक्के मान्य. माझ्या वर्गात तेलुगू आणि कन्नड घरातली मुलं आहेत. फळ्यावर तिन्ही जोड्या लिहीन, ताणा-बाणा, पडुगु-पेक, हासु-होक्कु. घरात आणखी कोणते शब्द वापरतात ते त्यांनाच विचारून आणायला सांगेन. पडद्याचं एक न शिवलेलं कापडही काढून ठेवलंय. काठावरची छिद्रं सापडली, अगदी दादांनी सांगितलं तशी.

दोन प्रश्न उरलेत. ‘टेंडरहुक्स’ लिहिणाऱ्या मुलांना मी नुसती लाल रेघ मारू, की त्यांनाही काही सांगता येईल? आणि दुसरा अण्णांचा आहे. ते विचारतात, पुस्तकात टेंटर आहे आणि मशीनवर स्टेंटर, तर मधला ‘स’ कुणी लावला?

मुरारजीपेठकर

अण्णांना माझा नमस्कार सांगा. काठाकडे बघायचं हे त्यांनी जे सांगितलं, ते मी कुठल्या कोशात वाचलं नव्हतं.

मुलांचं आधी. लाल रेघ मारायलाच हवी, स्पेलिंग चुकलंच आहे. पण त्यांना सांगा की टेंडर दोन आहेत. कोवळा, नाजूक या अर्थाचा टेंडर लॅटिन ‘तेनेर’ पासून आला, ‘तेन्देरे’पासून नाही. महापालिका काढते ते टेंडर, म्हणजे निविदा, ते मात्र थेट ‘तेन्देरे’चं: हात पुढे ताणून एखादी गोष्ट समोर धरणं, म्हणजेच देऊ करणं. मुलांनी चुकून जो शब्द लिहिला, त्याचा एक अर्थ टेंटरच्या नात्यातला निघतो.

आता अण्णांचा ‘स’. उत्तरेकडे, स्कॉटलंडच्या बोलीत ‘स्टेंट’ असं एक क्रियापद होतं, दंतवैद्याच्या स्टेंटहून वेगळं. तंबू, पाल किंवा कापड ताणून बसवणं असा त्याचा अर्थ. त्याचा उगम बहुधा एक्स्टेंडच्या घराण्यातलाच, म्हणजे फिरून तेन्देरेकडेच. त्या स्टेंटवरून स्टेंटर. वाळवण्याची चौकट जाऊन साखळीचं मशीन आलं, तेव्हा ब्रिटनच्या गिरण्यांत हे स-वालं नाव पक्कं झालं. आपल्या गिरण्यांमध्ये यंत्रं तिकडून आली, विशेषतः लँकेशायरमधून, आणि यंत्रांबरोबर त्यांची नावंही आली. जुन्या मिलपासून एमआयडीसीपर्यंत सोलापूरच्या कामगाराने तोच उच्चार उचलला. अमेरिकेत मात्र जुनं रूप टिकलं. तिथल्या कंपनीचं माहितीपत्रक अण्णांच्या हातात दिलंत, तर त्याच मशीनखाली त्यांना टेंटर फ्रेम असं छापलेलं सापडेल.